डोंगरावरचा हरिपाठ: रविवारची मंडळी कुठे न्यावी, कशी न्यावी?

नवा_टाळकरी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

रामकृष्णहरी मंडळी.

आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी हरिपाठ होतो. क्लबहाऊस कायम कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाला दिलेलं असतं, म्हणून आम्ही पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसतो. सहा जणांपासून सुरुवात झाली, आता २२ आहोत. सगळ्यांत धाकटी ९ वर्षांची, सगळ्यांत थोरले काका ७४चे.

दिवाळीनंतर कुणीतरी पिल्लू सोडलं की महिन्यातला एक रविवार डोंगरावर जाऊन हरिपाठ करू. आम्ही पिंपरी-चिंचवडचे. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर, तुकोबा एकांताला जायचे ते तिन्ही डोंगर आमच्या दाराशी. एवढं असून आम्ही पार्किंगमध्ये का बसतो, हा प्रश्न बिनतोड होता.

पहिल्या रविवारी भंडारा. गाडी थेट वर जाते. गेलो, हरिपाठ केला, खाल्लं, आलो. छान झालं, पण घरी आल्यावर बायको म्हणाली, "एका पार्किंगमधून उठून दुसऱ्या पार्किंगमध्ये बसलो." तिचं चूक नव्हतं.

दुसऱ्यांदा घोरावडेश्वर. चढलो, लेण्यांबाहेरच्या कातळावर बसलो. एकाने ब्लूटूथ स्पीकर आणि माईक आणला होता, एकीने धूप आणि उदबत्तीचा पुडा. धूप लावला, माईकवर "हॅलो हॅलो" झालं, तेवढ्यात खालून येणारा एक पोरगा धावत आला. "काका, धूर विझवा आधी. वर बघा." वर कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकत होती, मोजली नाहीत. धूप विझवला, टाळ पिशवीत टाकले आणि मुकाट खाली आलो. कुणाला काही झालं नाही, ही माउलींची कृपा.

पण हरिपाठ अर्धा राहिला. ७४वाले काका त्यावरून नाराज आहेत, स्पीकरवाले स्पीकर नको म्हटल्यावर नाराज आहेत, आणि दोघी म्हणताहेत की डोंगराचं खूळ पुरे झालं. माझं मात्र मन मानत नाही. तिसऱ्या रविवारी कुठे जावं, काय न्यावं, काय नेऊ नये? अनुभवी लोकांनी सांगावं.

---

उगाच_एक | सोमवार, रात्री १०:२०

फोटो नाहीत. निषेध.

---

रानवाटा७ | सोमवार, रात्री ११:०५

त्या पोराला शोधून त्याच्या पाया पडा. खरंच सांगतो.

आग्या मोहोळ म्हणजे झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत असतं ते साध्या सातेरी माश्यांचं पोळं नव्हे. उघड्या कड्यावर, उंच झाडावर हातभर पोळं असतं आणि डिवचलं तर सगळं पोळं मागे लागतं. धूर, अत्तर, धूप, दगड, फटाके आणि मोठा आवाज, यातलं काहीही पुरतं. तुम्ही तर दोन-तीन गोष्टी एकदम केल्यात.

माश्या उठल्याच तर: हात झटकायचे नाहीत. उपरणं, शाल, पदर, असेल ते डोक्यातोंडावरून घ्यायचं आणि तिथून निघायचं, शक्य तितकं लांब. एक माशी चावली की त्या वासावर बाकीच्या येतात, म्हणून "बसून राहिलो की जातील" हा भ्रम सोडा. काटा नखाने खरवडून लगेच काढायचा. खूप डंख झाले किंवा चेहरा सुजायला लागला, धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, १०८ला फोन करून थेट दवाखाना. चुना, हळद वगैरे नंतर.

आणि बसण्याआधी पाच मिनिटं फक्त वर बघायचं. कडा, गुहेचं तोंड, मोठ्या झाडाच्या फांद्या. आम्ही ट्रेकला हेच करतो. भजनाला वेगळा नियम नाही.

---

मालकरीण | मंगळवार, सकाळी ६:४८

काकांची नाराजी मी समजू शकते. हरिपाठ अर्धा सोडू नये, असं आमच्याकडेही मानतात. पण त्यांना म्हणावं, खाली उतरल्यावर उरलेला म्हणायचा. गाडीत म्हणा, रिक्षात म्हणा. माझ्या सासूबाई एसटीत म्हणायच्या, कंडक्टर तिकिटं फाडत टाळी द्यायचा.

दुसरं. हरिपाठ संध्याकाळचा. तुम्ही सकाळी डोंगरावर जाता तर तो सकाळी का? सकाळी काकडा करा ना. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव काकडा चालतो, त्यातला एक रविवार पहाटे डोंगरावर. उजाडताना वर असण्यासारखं दुसरं काही नाही.

---

गुडघेदुखी | मंगळवार, सकाळी ९:३०

मालकरीणताई, पहाटे चारला उठून ७४ वर्षांच्या माणसाला अंधारात डोंगर चढवणार? आणि संध्याकाळी हरिपाठ केला तर अंधारात उतरवणार? दोन्हीकडून गुडघे आमचेच.

मी अशा एका मंडळाबरोबर (नाव घेत नाही) दोन वर्षं फिरले. डोंगर उत्तम, भजन उत्तम, पण आयोजक सगळे चाळिशीचे पुरुष. बायकांनी कुठे जायचं याचा विचार कुणीच केला नव्हता. मग आम्ही काय करायचो? सकाळपासून पाणी प्यायचो नाही. भर उन्हात एकीला चक्कर आली, तेव्हा तिला कुणी "उपास सोसवत नाही का" असं विचारलं. तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारते. वर जागा सुंदर आहे का, ते नंतर. स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते त्या दिवशी उघडं आहे का?

धागाकर्ते, तुमच्या २२ जणांत बायका किती? त्यातल्या किती जणी ठिकाण ठरवायला बसल्या होत्या?

---

नवा_टाळकरी | मंगळवार, दुपारी १:१५

१३ बायका. ठरवायला शून्य. चूक कबूल. आज रात्रीच्या बैठकीला बायकोला बसवतो. (ती म्हणते, "बसवतो काय, मीच घेते बैठक.")

---

उगाच_एक | मंगळवार, दुपारी १:२२

धागा इथेच सुफळ संपूर्ण.

---

लेणीवेडा | मंगळवार, सायंकाळी ७:४०

थोडं वेगळं. घोरावडेश्वर आणि भंडारा, दोन्हीकडे बौद्ध लेणी आहेत. घोरावडेश्वराला गुहेत महादेव आहे, शिवरात्रीला मोठी यात्रा भरते. म्हणजे एकाच कातळात भिक्खू राहिले, शंकर आला, तुकोबा येऊन बसले. हे मी भांडण लावायला सांगत नाही. तिथे बसताना तुमच्या पाठीशी टेकलेली भिंत कुणीतरी छिन्नीने कोरली आहे, एवढं ध्यानात असू द्यावं. शेंदूर, तेल, कापूर त्या भिंतीला लावू नये, नारळ तिच्यावर फोडू नये.

जिथे पुरातत्त्व खात्याचा फलक असेल तिथे वाचून बसा. केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठी १९५९चे नियम आहेत, त्यांत सभा-समारंभाला परवानगी लागते. मान्य धार्मिक प्रथेला सूट आहे, पण तुमचा ब्लूटूथ ही काही चालत आलेली प्रथा नव्हे.

---

खरा_वारकरी | मंगळवार, रात्री ९:०२

सगळं वाचलं. राग मानू नका, पण हे पर्यटन आहे. आषाढीला चालायचं, एकादशी धरायची, माळ सांभाळायची, याला वारकरी म्हणतात. रविवारची सुट्टी गाठून डोंगरावर डबा खायचा आणि मध्ये टाळ वाजवायचे, ही सहल झाली. सहल करा, पण तुकोबांना मध्ये आणू नका. ते तिथे एकटे जात होते, २२ जणांना घेऊन नव्हे.

---

मालकरीण | मंगळवार, रात्री ९:२५

शेवटचं वाक्य बोचलं, कारण खरं आहे.

पण बाकीचं नाही पटत. निवृत्तिनाथांची गोष्ट आठवा. आईवडील आणि भावंडं मिळून ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते, वाघ आला, पांगापांग झाली आणि हे गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, अशी कथा आहे. घरची माणसं मिळून डोंगराला गेली होती. आजही श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला हजारो माणसं ती फेरी घालतात, निम्मी अनवाणी. त्यातले सगळे माळकरी असतात का? एकादशी रविवारीच येईल म्हणून वाट पाहिली तर वर्षातून तीन-चारदा येईल. ज्याला सोमवारी पंचिंग आहे त्याने करायचं काय?

---

खरा_वारकरी | मंगळवार, रात्री ९:५०

ब्रह्मगिरीच्या फेरीनंतर रस्त्याच्या कडेला काय पडलेलं असतं ते मंगळवारी जाऊन बघा.

---

मालकरीण | मंगळवार, रात्री ९:५३

बघितलंय. त्याबद्दल वाद नाही.

---

देवराईकर | बुधवार, सकाळी ८:१०

मी कोकणातला. आमच्या गावाला राई आहे. आत देव आहे, त्याला छप्पर नाही. आतलं वाळलेलं लाकूडही कुणी चुलीला आणत नाही, पडलेलं झाड तिथेच कुजतं. वर्षातून ठरल्या दिवशी गाव आत जातं, बाकी दिवस कुणी विनाकारण जात नाही. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्यांना त्या कळल्या. गावाला आधीच ठाऊक होत्या, फक्त गावाने त्यावर लेख लिहिला नाही.

हे सांगायचं कारण: आता कुणीतरी सुचवेल की मुळशी-भोरकडच्या देवराईत भजन करा. कृपा करून करू नका. गावाने बोलावलं तर जा. नाही बोलावलं तर तिथला देव तुमच्या ओळखीचा नाही असं समजा.

---

रानवाटा७ | बुधवार, सकाळी ८:३१

मी नेमकं तेच टंकत होतो. पुसलं.

---

जर्सीतला_पुणेकर | बुधवार, सकाळी १०:१९

इकडचं, अमेरिकेतलं सांगतो. आषाढीच्या आसपासच्या शनिवारी आम्ही एका मोठ्या बागेत पालखी नेतो. निवारा आधी पैसे भरून घ्यायचा, ध्वनिवर्धक हवा तर त्याचा वेगळा अर्ज, आणि आपला कचरा आपण घेऊन जायचा. एका वर्षी आम्ही ध्वनिवर्धकाचा अर्ज केला नव्हता. रेंजर आला, शांतपणे म्हणाला, बंद करा. बंद केला. मग बिनमाईकचं भजन झालं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला. त्या बाई उत्तम गायच्या, तीन वर्षांत कळलंच नव्हतं. पुढच्या वर्षीपासून आम्ही अर्जच करत नाही.

---

स्पीकरवाला | बुधवार, दुपारी २:४४

नमस्कार. मीच तो, घोरावडेश्वरचा. धागा बायकोने दाखवला.

माझी बाजू ऐका. आमच्यात दोघांना कमी ऐकू येतं, ७४वाले काका त्यातले एक. पार्किंगमध्ये छत असतं, आवाज घुमतो. उघड्यावर वाऱ्याने पुढचं धृपद मागच्याला पोचत नाही. मागचे अर्धा चरण मागे पडतात आणि शेवटी दोन हरिपाठ चालू असतात. म्हणून स्पीकर नेला. हौसेला नाही.

---

पखवाजी | बुधवार, दुपारी ३:३०

स्पीकरवाले दादा, अडचण खरी, उपाय चुकला. तुम्ही डोंगरावरही पार्किंगसारखे रांगेत बसलात ना? गोल बसा. दोन कडी करा, आतलं आणि बाहेरचं, तोंडं एकमेकांकडे. ऐकायला कमी येणाऱ्यांना पखवाजाच्या शेजारी बसवा, त्यांना ठेका हाडातून कळतो. पाठीला कातळ किंवा गुहेची भिंत असेल तर ती तोंडासमोर घ्या, आवाज परत येतो. चाल संथ धरा. उघड्यावर घाई केली की टाळ सुटतात.

आणि पावली (टाळांच्या ठेक्यावर पावलं टाकत नाचणं) खेळायची असेल तर सपाट जागा बघा, खडीवर घोटे मुरगळतात.

पखवाजाचं: उन्हात ठेवू नका, चामडं ताणतं आणि सूर चढतो. डाव्या पुडीची कणीक वाऱ्याने अर्ध्या तासात सुकते, म्हणून जास्तीची मळून ओल्या फडक्यात न्या. वर पाणी शोधत फिरलात की भजन थांबतं.

---

उगाच_एक | बुधवार, दुपारी ३:४१

तुकोबांचा तो झाडांचा अभंग अजून कुणी डकवला नाही, हे या संस्थळावरचं नवल आहे. कृपया कुणी डकवू नये. वन खात्याच्या प्रत्येक फलकावर तो आधीच आहे, खाली गुटख्याच्या पिचकारीसकट.

---

खेडकडचा | बुधवार, रात्री ८:१५

भीमाशंकरला जायचा विचार असेल तर दोन शब्द. खांडसकडून दोन वाटा, गणेश घाट आणि शिडी घाट. गणेश घाट लांबचा पण चालण्याजोगा. शिडी घाटाने मंडळी नेऊ नका, पावसात तर नावही काढू नका. ९ वर्षांची मुलगी आणि ७४चे काका म्हणजे तुमच्यासाठी एसटी आणि गाडीरस्ता.

अभयारण्य आहे ते, १९८५पासून. शेकरूसाठी केलेलं. शेकरू दिसावा असं वाटत असेल तर टाळ पिशवीत ठेवून चाला, देवळात गेल्यावर काढा. श्रावणातल्या सोमवारी तिथे निसर्ग शोधू नका, माणसांच्या पाठी दिसतात फक्त.

माकडांना प्रसाद देऊ नका. पहिल्यांदा देता, दुसऱ्यांदा ते हिसकावतात.

---

गुडघेदुखी | बुधवार, रात्री ८:४०

आणि होळीच्या आगेमागे वर विस्तव नको. गवत वाळलेलं असतं. आमच्या त्याच मंडळाने वर चहा करायला तीन दगडांची चूल मांडली होती. ठिणगी उडाली, नशीब म्हणून दोघांनी गोणपाटाने झोडून विझवली. चहा थर्मासमधला बेचव लागतो, हे मान्य. वणव्यापेक्षा बरा.

---

नवा_टाळकरी | गुरुवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. बैठक झाली (बायकोने घेतली). ठरलं: भामचंद्र. सकाळी जायचं, ऊन चढायच्या आत खाली. स्पीकर नाही, धूप नाही, उदबत्ती नाही, वर विस्तव नाही. दोन बायका आणि मी आदल्या शनिवारी जाऊन जागा बघणार. एकादशी नाही, तरी काकांचा त्या दिवशी उपास आहे, म्हणून सगळ्यांनी फराळच खायचा. प्रश्न एकच: २२ जणांना वरई किती लागेल?

---

मालकरीण | शुक्रवार, सकाळी ६:१५

सव्वा किलो पुरेल, आमटीला अर्धा-पाऊण किलो शेंगदाणे. पण नेऊ नका. गार झाली की भगरीची वीट होते, चमच्याने फोडावी लागते. उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. सालं पिशवीत घालून परत. "सालं काय, कुजतात" असं म्हणणारा एक जण प्रत्येक मंडळात असतो, त्याच्याच हातात पिशवी द्या.

---

लेणीवेडा | शुक्रवार, सकाळी ९:००

भामचंद्राच्या गुहांमध्ये वारकरी विद्यार्थी राहून अभ्यास करतात. थेट जाऊन बसकण मारू नका, आधी विचारा.

---

नवा_टाळकरी | पुढचा सोमवार, रात्री ९:४५

जाऊन आलो. लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

२२पैकी १९ आले. शनिवारी पाहणीला गेलो तेव्हा चढण बघून दोघींनी तिथेच सांगितलं की चार जण वर येणार नाहीत. त्यामुळे दोन मुक्काम केले. चौघे आणि सोबतीला एक तरुण पायथ्याच्या गावातल्या देवळात बसले, बाकी १४ वर. पुजाऱ्यांना आधी विचारलं होतं, त्यांनी स्वच्छतागृहाची सोय पण दाखवली. गुडघेदुखीताई, हा तुमचा नंबर एकचा प्रश्न, आणि तो सुटल्यावर निम्म्या कुरकुरी आपोआप थांबल्या.

७४वाले काका खाली थांबतील असं आम्ही धरून चाललो होतो. ते वर आले. हळूहळू, चार ठिकाणी बसत. खाली थांबले स्पीकरवाले, पाय मुरगळला होता म्हणून.

वर आधी पाच मिनिटं माना वर करून उभे राहिलो. एक पोळं दिसलं, लांब. तरी त्याच्याकडे पाठ करून, बरंच अंतर ठेवून बसलो. वरच्या विद्यार्थ्यांना विचारलं, त्यांनीच जागा दाखवली आणि दोघे येऊन आमच्यात बसले. गोल बसलो, दोन कडी. काका पखवाजाशेजारी. पखवाजीदादा, तुमचं हाडाचं म्हणणं खरं निघालं, काका एकदाही मागे पडले नाहीत. उलट एका ठिकाणी त्यांनीच आम्हाला सावरलं, कारण आम्ही सगळे मोबाईलवर बघून म्हणणारे आणि वर रेंज नव्हती. काकांना पाठ आहे.

जागा पुस्तकात वाचतो तशी एकांताची राहिलेली नाही, हेही सांगतो. खाली चाकणच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात, वारा तिकडून आला की घरघर ऐकू येते. आमच्यातला एक जण त्यातल्याच एका कारखान्यात आहे. तो म्हणाला, "सहा वर्षं खालून हा डोंगर बघतोय, पहिल्यांदा वरून कंपनी बघितली." त्यानंतर तो बराच वेळ काही बोलला नाही.

खरा_वारकरी, तुमचं "ते एकटे जात होते" हे मनातून जात नव्हतं. म्हणून हरिपाठानंतर एक केलं. सगळे उठून वेगवेगळे बसलो, कुणी कुणाला दिसणार नाही इतपत लांब, पण हाकेच्या आत. पंधरा मिनिटं. फोन बंद. मुलीला आईजवळ ठेवलं. मला आधी कारखान्याची घरघर ऐकू आली, मग सातभाईंचा कलकलाट, मग कुणाचं तरी नाक शिंकरणं. आणखी काही झालं नाही. परत जमलो तेव्हा मुलीने विचारलं, "आता परत करायचं?" तिला काय परत करायचं होतं ते विचारायचं राहिलं.

खाली आलो तर देवळातल्या पाच जणांनी त्यांचा हरिपाठ कधीच संपवून गावातल्या दोन आज्यांबरोबर गप्पांचा फड लावला होता. आज्यांनी रताळ्यांच्या बदल्यात ताक दिलं.

चुका: पाणी कमी पडलं, माणशी एक बाटली पुरत नाही. लाडवांच्या डब्याला मुंग्या. आणि सालांची पिशवी ज्याच्या हातात दिली होती त्याने ती वर विसरली. त्यालाच परत पाठवलं.

पुढच्या महिन्याचं अजून ठरलं नाही.

---

खरा_वारकरी | सोमवार, रात्री १०:१०

पुढच्या महिन्यात शुद्ध दशमीला भंडाऱ्यावर माघाचा सोहळा असतो, फार गर्दी. तो रविवार टाळा, पुढचा धरा. मी देहूला असतो. बोलावलंत तर येईन.

---

मालकरीण | सोमवार, रात्री १०:१४

आता बोला!

---

स्पीकरवाला | सोमवार, रात्री १०:३०

पायथ्याला आमचं भजन वरच्यापेक्षा चांगलं झालं. नोंद असावी.

---

पखवाजी | मंगळवार, सकाळी ७:०५

कणीक पुरली का?

---

नवा_टाळकरी | मंगळवार, सकाळी ८:२०

पुरली, उरली. ओल्या फडक्यासकट डब्यात बंद करून विसरलो होतो. आज बायकोने डबा उघडला. सध्या तो भिजत घातलाय आणि मी ऑफिसला लवकर निघालोय.